गरम झाली की बंद पडणारी एमजीबी: ‘व्हेपर लॉक’ म्हणण्याआधी काय तपासायचं

लक्षण असं. रिस्टोअर केलेली एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला उठते, गावाबाहेर पडेपर्यंत झकास पळते आणि अर्ध्या-पाऊण तासाने दोन-चार हिसके देऊन बंद पडते. तापमानाचा काटा जागेवर, तेलाचा दाब ठीक. बॉनेट उघडून वीस मिनिटं नुसतं उभं राहिलं की पुन्हा सुरू होते, जणू काही झालंच नाही. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. विक्रीच्या जाहिरातीत याची बोळवण एका ओळीत होते: ‘क्वचित व्हेपर लॉक होतो, या गाड्यांचा स्वभावच आहे.’

व्हेपर लॉक म्हणजे उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. पण हा स्वभाव नाही. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या, आणि त्या नव्या असताना तासाभरात बंद पडत नव्हत्या. शिवाय तिचा पेट्रोल पंप मागे, टाकीजवळ आहे. तो पेट्रोल पुढे ढकलतो, इंजिनाच्या बाजूने ओढत नाही. ढकललेल्या, दाबाखालच्या पेट्रोलमध्ये वाफेचा अडथळा सहज तयार होत नाही. त्यामुळे पळत्या गाडीत खरा व्हेपर लॉक हा संशयितांच्या यादीत बराच खाली येतो. वर असतात कंडेन्सर, कॉइल, रोटर (हे तिन्ही ठिणगी पाडणाऱ्या इग्निशनचे भाग), वायरिंगचे सांधे, टाकीचं झाकण आणि पंप.

हा दोष वर्षानुवर्षं टिकतो, कारण तो फक्त गरम असताना हजर असतो. गाडी टो करून गॅरेजात जाते, तोवर थंड होते, तिथे सगळं ठीक सापडतं. मग अंदाजाने एक-एक भाग बदलला जातो. म्हणून तपासणी गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात मिनिटांत, जागेवरच व्हायला हवी. त्याची तयारी आधी घरी करायची.

आधी पाहा: बंद कधी पडते?

तीन वेगवेगळे दोष एकाच नावाखाली खपवले जातात.

एकसारख्या वेगात, मोकळ्या रस्त्यावर, हवा भरपूर लागत असताना बंद पडत असेल तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उकळण्याचा प्रश्न जवळजवळ येत नाही. इथे करंट, म्हणजे ठिणगीची वीज, किंवा पेट्रोलचा पुरवठा तुटतोय.

ट्रॅफिकमध्ये रांगताना आयडलिंग खडबडीत होऊन बंद पडत असेल तर कार्बोरेटरला लागणारी उष्णता, मागे पडलेलं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि कंडेन्सर हे तिन्ही संशयित आहेत.

गाडी चांगली चालत आली, दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली आणि नंतर सुरूच होईना, किंवा सुरू होऊन मिनिटभर लंगडत राहिली, तर मात्र कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल एक्झॉस्टच्या उष्णतेने उकळलंय, असं समजायला हरकत नाही. एवढ्याच प्रकाराला ‘उष्णतेचा त्रास’ म्हणावं. अशा वेळी चोक ओढू नका. ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरा आणि सेल्फ मारा. पायाने पंप करून काही साधत नाही, या गाडीच्या एसयू बनावटीच्या कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप नसतोच.

सोबत काय ठेवायचं

गॅप थोडी जास्त उघडलेला जुना पण चालू प्लग. मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प. दोन मीटर जाड वायर, दोन्ही टोकांना क्लिप आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज. नवा कंडेन्सर, त्याच्या वायरला क्लिप डाखून तयार केलेला. मीटरभर पेट्रोलची रबरी नळी आणि लिटरच्या खुणा असलेला पत्र्याचा किंवा पेट्रोलसाठीचा डबा. फीलर गेज, स्क्रूड्रायव्हर, एक रोटर. आणि ड्राय पावडरचा अग्निशामक, हाताशी. डिकीत सामानाखाली ठेवलेला उपयोगाचा नाही. गरम एक्झॉस्टशेजारी पेट्रोलची नळी सोडायची असेल तर त्याशिवाय हात लावू नये.

बंद पडली. आता क्रमाने

पहिली खूण बंद पडतानाच मिळते, म्हणून सोबत बसणाऱ्याला आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवायला सांगा. १९६४ नंतरच्या गाड्यांत हे मीटर विजेवर चालतं आणि इग्निशनच्या कमी दाबाच्या (व्होल्टेजच्या) सर्किटमधूनच संकेत घेतं. गाडी गिअरमध्ये पुढे घरंगळते आहे, इंजिन चाकांमुळे फिरतंय, आणि तरीही काटा धाडकन शून्यावर आला, तर करंट कमी दाबाच्या बाजूलाच तुटला: किल्लीचा स्विच, पांढरी वायर, कॉइलचा प्राथमिक वेढा, पॉइंट (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) किंवा शॉर्ट झालेला कंडेन्सर. काटा इंजिनाबरोबर सावकाश खाली आला तर तो भाग बहुधा शाबूत आहे. मग दोष जास्त दाबाच्या बाजूला, म्हणजे रोटर, कॅप, कॉइलचा दुय्यम वेढा यांत, नाहीतर पेट्रोलमध्ये.

दुसरी खूण चोकची. गाडी दम सोडायला लागली की चोक थोडा ओढून पाहा. क्षणभर सावरली तर मिश्रण पातळ होतंय, पेट्रोल कमी पडतंय. आणखी गुदमरली तर पेट्रोल जास्त होतंय. काहीच फरक नाही, तर करंटकडे वळा.

गाडी सुरक्षित जागी उभी केली की किल्ली चालू करून मागचा पंप ऐका. वाट्या भरलेल्या असतील तर एक-दोन टिकटिक होऊन तो गप्प बसतो आणि मग अर्ध्या मिनिटात एखाद-दुसराच ठोका ऐकू येतो. हे योग्य. सारखी वेगात टिकटिक असेल तर पंप हवा ओढतोय, टाकी रिकामी आहे, किंवा पुढे एखादी वाटी भरून वाहतेय. रडतखडत, मोठं अंतर ठेवून ठोके पडत असतील आणि पेट्रोल येत नसेल तर टाकीकडची बाजू तुंबली आहे. अजिबात आवाज नाही आणि वाट्याही रिकाम्या, तर पंपाचे पॉइंट किंवा त्याची वीज.

मग करंट बघा. एका प्लगची वायर काढून सोबतच्या जुन्या प्लगला लावा, प्लगचं शरीर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवा, सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकड आवाजाची ठिणगी पाहिजे. पिवळी, मऊ, मधेच गायब होणारी ठिणगी म्हणजे दोष सापडला, फक्त कुठल्या भागात आहे ते ठरायचंय. ही चाचणी पेट्रोलची नळी सोडण्याच्या आधी करायची, नंतर कधीच नाही.

ठिणगी चांगली आहे? मग कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडा, तिला मीटरभराची नळी जोडून एक्झॉस्टपासून लांब ठेवलेल्या डब्यात टोक घाला आणि किल्ली चालू करा. मिनिटाला किमान ५७० मिलीलिटर, म्हणजे एक ब्रिटिश पिंट, यायलाच हवं. चांगला एसयू पंप याच्या दुप्पट देतो. धार आधी जोरात येऊन हळूहळू मरत असेल तर तेही लिहून ठेवा, ती टाकीच्या झाकणाची किंवा गाळाची खूण आहे. किल्ली फार वेळ चालू ठेवू नका. इंजिन थांबलेलं आणि पॉइंट बंद असताना कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो आणि ती तापते. मिनिट-दोन मिनिटांत काम उरका.

करंट: इथेच बहुतेक वेळा गाडी अडते

कंडेन्सर. भाग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात संशयास्पद. डिस्ट्रिब्युटरच्या आत, इंजिनाच्या उष्णतेत बसलेला असतो. गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या नव्या कंडेन्सरचा दर्जा इतका वरखाली आहे की ‘नवाच बसवलाय’ हे त्याच्या निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही. गरम झाल्यावर आतला जोड सुटला तर पॉइंटवर मोठी ठिणगी दिसते आणि प्लगवरची पिवळी पडते. आत शॉर्ट झाला तर काहीच येत नाही. रस्त्यावरची परीक्षा सोपी आहे: जुन्या कंडेन्सरची वायर सोडा, सोबतचा नवा कंडेन्सर बाहेरूनच कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला जोडा आणि त्याचं शरीर इंजिनाला अर्थ करा. जुना जोडलेला ठेवून नवा लावला तर शॉर्टचा दोष तसाच राहतो, म्हणून सोडणं गरजेचं. गाडी लगेच उठली तर उत्तर मिळालं. बाहेर बसवलेला कंडेन्सर थंडही राहतो. मूळ रूपाचा आग्रह नसेल तर तो कायमचा तिथेच ठेवावा असं आमचं मत आहे.

कॉइल. इथे रिस्टोरेशनमधली एक घोडचूक सर्रास सापडते. क्रोम बंपरच्या गाड्यांना साधी १२ व्होल्टची कॉइल आहे, प्राथमिक वेढ्याचा रोध साधारण ३ ओहम. १९७४च्या अखेरीपासूनच्या काळ्या रबर बंपरच्या गाड्यांना बॅलास्टची व्यवस्था आहे. वायरिंगमध्येच रोध असलेली वायर दडवलेली असते आणि कॉइल साधारण दीड ओहमची असते. दीड ओहमची कॉइल जुन्या गाडीला बसवली की जवळजवळ दुप्पट प्रवाह वाहतो. कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंट जळतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने नेमकं आपलं लक्षण उभं राहतं. उलट केलं, म्हणजे बॅलास्टच्या गाडीला ३ ओहमची कॉइल, तर तापत नाही, पण ठिणगी कायम दुबळी. दोन्ही वायरी सोडून मल्टिमीटरने कॉइल मोजा, थंड असताना एकदा आणि बंद पडल्यावर लगेच एकदा. गरम असताना आकडा थोडा वाढतोच. पण तो अनंतावर गेला किंवा नाचायला लागला तर कॉइल टाकून द्या. कॉइलच्या अंगावर छापलेल्या नावावर नाही, मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवा.

कॉइलच्या वायरी उलटसुलट असणं हाही जुन्या गाड्यांचा वारसा. १९६७च्या अखेरीपर्यंत एमजीबी पॉझिटिव्ह अर्थवर होती, म्हणजे बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेलं असे. अशा कितीतरी गाड्या नंतर निगेटिव्ह अर्थवर बदलल्या गेल्या, पण कॉइलची टोकं बदलायची राहून गेली. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत किल्लीकडून येणारी पांढरी वायर कॉइलच्या + टोकाला आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी पांढरी-काळी वायर − टोकाला हवी. उलट असली तरी गाडी चालते, पण ठिणगीचा जोर कमी होतो आणि गरम इंजिनात ते उघडं पडतं.

रोटर. मध्ये रिव्हेट असलेले काही नवे रोटर आतून फुटतात. ठिणगी रिव्हेटमधून प्लॅस्टिक भेदून खाली दांड्याला जाते आणि प्लगपर्यंत पोहोचतच नाही. डोळ्यांना काही दिसत नाही. कॅप काढा, कॉइलची मुख्य वायर इन्सुलेटेड पकडीने धरून रोटरच्या पितळी पट्टीच्या मध्यापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा, आणि सेल्फ मारायला सांगा. पट्टीवर एकामागून एक ठिणग्या उडाल्या तर रोटर अर्थ झालाय. शाबूत रोटरवर फार तर एखादी बारीक चिटकी दिसते. बदली घेताना रिव्हेट नसलेला, पट्टी प्लॅस्टिकमध्ये ओतून बसवलेला घ्या.

डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या दोन लहान वायरी. ल्यूकस २५डी४ या डिस्ट्रिब्युटरमध्ये एक बारीक वायर बाहेरच्या जोडापासून पॉइंटकडे येते, दुसरी सरकत्या पाट्याला अर्थ देते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या प्रत्येक हालचालीबरोबर त्या वाकतात आणि आतले तांब्याचे तंतू तुटतात. आवरण शाबूत दिसतं. अशी गाडी हलक्या पायाने, एका ठराविक वेगाला मिसिंग करते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सावरते, कारण तेव्हा व्हॅक्यूम नसतो. वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आतून तुटली आहे. बदलताना साधी जाड वायर वापरू नका, अतिशय मऊ, अनेक तंतूंची हवी.

पॉइंट बसवताना कंडेन्सरची आणि कॉइलची, दोन्ही टोकं पॉइंटच्या स्प्रिंगला लागली पाहिजेत आणि खालच्या खिळ्यापासून प्लॅस्टिकच्या बुशने वेगळी राहिली पाहिजेत. वॉशरचा क्रम चुकला की थंडपणी कसंबसं चालतं, गरम होऊन प्लॅस्टिक मऊ पडलं की अर्थ होतं. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. २५डी४ ला ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) ६० अंश, तीन अंश इकडेतिकडे. कॅमवर ग्रीसचा बोटभर नाही, टिपकाभर लेप द्या. कोरड्या कॅमवर नव्या पॉइंटची टाच काही शे मैलांत झिजते, गॅप मिटते, टायमिंग मागे पडतं. मागे पडलेल्या टायमिंगने एक्झॉस्ट जास्त तापतो आणि त्याच्या डोक्यावर बसलेले कार्बोरेटरही. म्हणजे पेट्रोल उकळण्याच्या तक्रारीचं मूळ कधीकधी इथे असतं.

पॉइंट काढून आत इलेक्ट्रॉनिक संच बसवलेली गाडी असेल तर आधी कॉइलचा रोध त्या संचाला जुळतो का ते बघा. न जुळणाऱ्या कॉइलने तापून बंद पडणारे आणि थंड झाल्यावर जागे होणारे संच नेहमीचे आहेत. पॉइंट आणि कंडेन्सर बसवलेला पाटा डिकीत ठेवा. पंधरा मिनिटांत अदलाबदल करून दोष संचात आहे की बाहेर, हे कळतं.

वायरिंग

ल्यूकसच्या रंगांच्या भाषेत तपकिरी म्हणजे बॅटरीची कायम वीज, पांढरी म्हणजे किल्लीनंतरची, फ्यूज नसलेली, हिरवी म्हणजे किल्लीनंतरची फ्यूजमधून आलेली. आपल्याला पांढरी महत्त्वाची. किल्लीच्या स्विचमधून निघून ती गोळीसारख्या जोडांतून कॉइलला आणि मागे पंपाला जाते. त्यामुळे एकच सैल जोड करंट आणि पेट्रोल दोन्ही बंद पाडू शकतो. पंपही गप्प आणि ठिणगीही नाही, तर दोन भाग एकाच वेळी बिघडले असं मानू नका, त्यांचा सामायिक भाग शोधा.

मल्टिमीटरने मोजताना वायर सोडून मोजण्यात अर्थ नाही. सुटलेल्या टोकावर गंजलेला जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. पॉइंट बंद, किल्ली चालू, वायर जागेवर, अशा स्थितीत कॉइलच्या येणाऱ्या टोकावर मोजा. क्रोम बंपरच्या गाडीत बॅटरीच्या दाबाच्या अगदी जवळ हवा. एखाद व्होल्ट गळत असेल तर जोड साफ करायला घ्या. बॅलास्टच्या गाडीत ६ च्या आसपास दिसेल, ते बरोबर आहे.

रस्त्यावर मात्र सरळ उपाय: फ्यूजवाली वायर फ्यूजबॉक्सच्या तपकिरी टोकावरून कॉइलच्या + ला लावा. हे निगेटिव्ह अर्थच्या, बिनबॅलास्टच्या गाडीसाठी. गाडी सुरू झाली तर स्विच किंवा जोड दोषी. लक्षात ठेवा, आता किल्लीने इंजिन बंद होणार नाही, वायर काढावी लागेल.

रिस्टोअर केलेल्या गाडीचा खास रोग म्हणजे सुंदर रंगाखाली दडलेलं अर्थिंग. बॉडी पावडर कोट झाली, इंजिनावर जाड रंग चढला, आणि अर्थिंगची टोकं रंगावरच आवळली गेली. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं. इंजिन आणि बॉडी यांमधली वेणीची पट्टी नसली तर सेल्फचा प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारताना चोकची केबल कोमट लागली तर दुसरा पुरावा नको. मागे पंपाची काळी वायर जिथे आवळली आहे तिथलाही रंग खरवडून उघडं लोखंड करा, घट्ट करा, मग वरून व्हॅसलीन लावा.

पेट्रोल

टाकीचं झाकण आधी बघा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. ब्रिटिश बाजारातल्या गाडीला हवा आत घेणारं झाकण लागतं. अमेरिकेतल्या १९७०च्या दशकातल्या गाड्यांना वाफ कोळशाच्या डब्यात नेणारी वेगळी व्यवस्था होती आणि तिथलं झाकण बंद असतं. अमेरिकेतून परत आणलेल्या गाडीचा डबा रिस्टोरेशनमध्ये काढून टाकला, झाकण मात्र तेच राहिलं, की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप हरतो. बंद पडल्या-पडल्या झाकण उघडा. ‘फुस्स’ असा हवा आत जाण्याचा आवाज आला आणि पंप जोरात टिकटिकायला लागला, तर घरी जाईपर्यंत झाकण सैल ठेवा आणि योग्य झाकण मागवा. इथेही काही मिनिटं थांबल्यावर हवा झिरपते आणि गाडी सुरू होते. म्हणून लोकांना वाटतं की थंड झाल्यामुळे सुरू झाली.

पंप मागे उजव्या बाजूला, बॅटरीच्या खोक्याजवळ असतो, नंतरच्या गाड्यांत त्याचं विजेचं टोक डिकीत निघतं. गप्प पंपाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं आणि तो चालू झाला, तर त्याचे पॉइंट जळलेत. ठोकून घरी या, पण तो पंप विकत घेणाऱ्याला ‘चालू’ म्हणून दाखवू नका. हळू चालणारा पंप असेल तर टाकीकडची नळी सोडून पाहा. सोडल्यावर वेगात चालला तर अडथळा टाकी ते पंप या टप्प्यात आहे. पंपाच्या तोंडाची जाळी साफ करा, झाकण उघडं ठेवून टाकीकडे हवा मारा. पंपातून हवा कधीही मारू नका, आतले व्हॉल्व्ह खराब होतात.

आतून लेप देऊन ‘सील’ केलेली जुनी टाकी हा आणखी एक सापळा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात काही लेप सुटतात. त्यांचे पापुद्रे चालत्या प्रवाहाबरोबर शोषनळीच्या तोंडाला येऊन चिकटतात आणि पंप थांबला की गळून पडतात. पुन्हा तीच फसवी ‘थांबलं की बरं वाटतं’ अशी लक्षणं. याला साफसफाई हा उपाय नाही, नवी टाकी घ्या.

कार्बोरेटरला लागणारी उष्णता

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं. बहुतेक ठिकाणी महागड्या सुपर दर्जात ५ टक्के किंवा त्याहून कमी असतं. या गाडीला तेच घाला. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून भुसभुशीत होतात, बाहेरून चकाकत राहतात. एसएई जे३० आर९ छाप असलेली नळी वापरा, आणि बसवल्याची तारीख लिहून ठेवा.

एसयूचे एचएस४ कार्बोरेटर एक्झॉस्टच्या थेट वर बसतात, मध्ये फक्त पत्र्याची ढाल आणि तिच्यावरचा उष्णतारोधक थर. रंगकामात हा थर खरवडला जातो आणि ढाल चकचकीत करून तशीच बसवली जाते. मॅनिफोल्डकडून क्रम असा: गॅस्केट, जाड रोधक ठोकळा, गॅस्केट, ढाल, गॅस्केट, कार्बोरेटर. ठोकळा गाळलेली गाडी पाहण्यात आली तर नवल वाटून घेऊ नका. एअर फिल्टरकडच्या गॅस्केटला भोकं आहेत, ती कार्बोरेटरच्या तोंडावरच्या दोन बारीक भोकांशी जुळली पाहिजेत. उलटं लागलं तर भोकं बुजतात आणि पिस्टन पुरेसा उचलत नाही. याचा उष्णतेशी संबंध नाही, पण ढाल काढलीच आहे तर बघून घ्या.

इंजिनाच्या खोलीत, एक्झॉस्टच्या जवळ कोणी काचेचा किंवा पत्र्याचा जादा फिल्टर टांगला असेल तर तो काढा. पेट्रोलच्या नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावलेली गाडी दिसली तर मालकाला दोष माहीत आहे, एवढंच त्यावरून कळतं.

झडपांची गॅप थंड इंजिनावर ०.३८ मिलिमीटर. हेडचे नट पुन्हा आवळल्यानंतर ती परत लावली नसेल तर गरम झाल्यावर झडप पूर्ण बसत नाही आणि आयडलिंग ढासळतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांचा. काटा जागेवर असेल तर त्याच्यामागे लागू नका.

भारतातल्या गाड्यांसाठी

ज्यांनी अँबेसिडरची १४८९ सीसी पेट्रोल गाडी हाताळली आहे त्यांना हे इंजिन परकं वाटणार नाही. एमजीबीचं १७९८ सीसी त्याच बी सिरीज घराण्यातलं. पण आपल्याकडे पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं झालंय, आणि पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात रांगत्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची परिस्थिती वेगळीच असते. इथे फ्लोटच्या वाटीत पेट्रोल उकळणं खरोखर घडतं. ढाल, ठोकळे आणि नळ्या यांना पहिला क्रमांक द्या. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्बोरेटरचा जेट त्याच्या नटाने थोडा खाली घ्यावा लागतो. सुरुवातीची जागा अगदी वरच्या टोकापासून नटाचे १२ पैलू, म्हणजे पूर्ण दोन फेरे खाली. तिथून प्लगचा रंग बघत पुढे जा. लांब उभी राहणारी गाडी असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

विक्रीला असलेली गाडी बघताना

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड असू द्या, असं आधीच सांगा, आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. दहा मिनिटांच्या फेरीत हा दोष दिसत नाही. किमान पाऊण तास चालवा, त्यात मोकळा रस्ता आणि गावातली रांग दोन्ही हवं. मग बंद करून पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा, आणि लगेच दोन मैल चालवा. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला एमओटी (वार्षिक वाहन तपासणी) सक्तीची नाही, त्यामुळे दरवर्षी तपासली गेली असेल असं धरू नका. स्वेच्छेने केलेल्या एमओटीवर मैलांचा आकडा असतो. रिस्टोरेशननंतर गाडी किती चालली ते त्यावरून कळतं. तीन वर्षांत शंभर मैल चाललेल्या गाडीचे दोष अजून कोणी शोधलेलेच नसतात.

डिकी उघडा. कंडेन्सर, कॉइल, पंप असे सगळेच जादा भाग ठेवलेले असतील तर ‘कुठला बदलल्यावर बरी झाली?’ एवढंच विचारा. ‘सगळे बदलले’ हे उत्तर आलं तर दोष अजून गाडीत आहे. भावात घासाघीस करताना मात्र प्रमाण सांभाळा: कंडेन्सर आणि रोटर किरकोळ किमतीत येतात, नवा एसयू पंप शंभर पौंडांच्या वर जातो, टाकी त्याच्याही पुढे. गंजलेली सिल किंवा कॅसल रेल (दाराखालचे, बॉडीचा भार पेलणारे पत्रे) यांच्या तुलनेत हे सगळं फुटकळ आहे.

विकणाऱ्यांनी एवढं करावं: बंद पडलेल्या वेळी पंपाचा आवाज, ठिणगीचा रंग, झाकण उघडल्यावरचा आवाज आणि मिनिटाला आलेलं पेट्रोल, या चार नोंदी कागदावर लिहून गाडीच्या फाइलमध्ये ठेवाव्यात, आणि जाहिरातीतून ‘व्हेपर लॉक’ची ओळ काढावी.